पातेल्याच्या मापाचा फ्रिज

असरची, म्हणजे दुपारनंतरची नमाज झाली की मिरजेत दर्ग्यामागच्या गल्ल्यांमध्ये रमजानची खरी लगबग सुरू होते. कुठे भज्यांचे पीठ भिजत असते, कुठे कलिंगडाच्या फोडी पडत असतात, कुठे सब्जा फुगत असतो. अशाच एका घरात दहाव्या रोजाच्या संध्याकाळी फ्रीजरमधून ‘फुस्स’ असा आवाज आला आणि सगळे स्वयंपाकघर एकदम गप्प झाले.

घरात माणसे सात. दादाजी, अब्बा, अम्मी, मोठा मुलगा, त्याची बायको, कॉलेजात जाणारी धाकटी मुलगी आणि चार वर्षांचा नातू. फ्रिज मात्र सतरा वर्षांपूर्वीचा. एका दाराचा, १९० लिटरचा. तो घेतला तेव्हा मुले लहान होती आणि सून घरात यायची होती. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाचा थर साचतो. आठ-पंधरा दिवसांनी तो रिकामा करून, बटण दाबून बर्फ वितळू द्यावा लागतो. पण रमजानात फ्रिज रिकामा करायचा कधी? थर वाढत गेला आणि बर्फाचा ट्रे तळाला चिकटून बसला. इफ्तारला पाहुणे यायचे होते. सरबताला बर्फ हवा होता. सुनेने सुरीचे टोक ट्रेखाली घातले आणि जरा जोर दिला.

दुसऱ्या दिवशी आलेल्या मेकॅनिकने एका नजरेत ओळखले. या फ्रिजमध्ये फ्रीजरची भिंत म्हणजेच गॅसची नळी असते. पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यात ती वळणावळणाने फिरवलेली असते. सुरी लागली की भोक पडते आणि गॅस निघून जातो. सून दाराआड उभी होती. रात्रभर तिचे डोळे कोरडे झाले नव्हते. मुलगा काहीतरी बोलण्याच्या बेतात होता, तेवढ्यात मेकॅनिकने विचारले, “इथं बाजूला आधीचाच एक जोड दिसतोय. हा कोणी मारला होता?”

“तो माझा,” अम्मी म्हणाल्या. “बारा वर्षं झाली. कुणाला सांगितलं नव्हतं.”

अब्बांनी चष्मा वर करून बायकोकडे पाहिले. सुनेला हसू आले आणि पुन्हा रडूही आले. त्या दिवशी फ्रिजवरून त्या घरात कोणी कोणाला काही बोलले नाही.

काकूंच्या फ्रिजमधला एक कप्पा

फ्रिज बंद पडला की पहिली काळजी दुधाची वाटते. या घरात पहिली काळजी दादाजींच्या इन्सुलिनची होती. दादाजी रोजे धरत नाहीत. आजाऱ्याला तशी मुभा आहे आणि डॉक्टरांनीही मनाई केली आहे. प्रत्येक सुटलेल्या रोजाबद्दल ते एका गरजूच्या जेवणाचे पैसे बाजूला ठेवतात. त्याला फिदिया म्हणतात. पण इंजेक्शन चुकवता येत नाही. न उघडलेले इन्सुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचे असते. वापरात घेतलेली कुपी काही आठवडे बाहेर चालते, पण तीही थंड जागी. मार्चमधली मिरजेतली दुपार काही थंड नसते. आणि इन्सुलिन गोठले तर तेही वाया जाते. म्हणजे ते घाईघाईने बर्फात ठेवूनही चालत नाही.

शेजारच्या काकूंना कळले तेव्हा त्यांनी काही न विचारता आपल्या फ्रिजमधला मधला कप्पा रिकामा केला. इन्सुलिन गेले, दूध गेले, दही, फळे आणि भिजवलेले हरभरेही गेले. समोशांसाठी आणलेला खिमा मात्र गेला नाही. काकूंच्या घरी मांस शिजत नाही. त्या नको म्हणाल्या नव्हत्या आणि अम्मींनी त्यांच्यावर तशी वेळही येऊ दिली नाही. खिम्याचा अर्धा भाग त्याच रात्री शिजला आणि गल्लीत वाटला गेला. उरलेला तीन गल्ल्या पलीकडे बहिणीच्या फ्रीजरमध्ये पोचला. शेजारधर्मात अशा बऱ्याच गोष्टी न बोलता ठरलेल्या असतात.

पुढचे चार दिवस सूनबाई सहेरीच्या वेळी दूध आणायला जायला संकोचायच्या. पहाटे चारला कोणाचे दार कसे वाजवायचे? तेव्हा काकूंनी रात्रीच दुधाचे पातेले थंड पाण्याच्या परातीत ठेवून पाठवायला सुरुवात केली. त्यांच्या आईच्या घरी फ्रिज नव्हता तेव्हाची ती रीत.

दादाजींना या निमित्ताने जुने दिवस आठवले. त्यांच्या लहानपणी उन्हाळ्यातल्या रमजानात असरनंतर मुलांना बर्फ आणायला पिटाळत. कारखान्यातली लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली असे. विकणारा टोच्याने तुकडा फोडून देई आणि तो टॉवेलात बांधून घरापर्यंत पळत आणायचा. रेंगाळले तर हातात नुसता ओला टॉवेल उरे. त्या बर्फावर सरबत थंड होई, पण जेवण टिकत नसे. मग इफ्तारनंतर जे उरे ते त्याच रात्री कोणाच्या ना कोणाच्या दारात जाई. वाटणे हा धर्म होता आणि दुसरा इलाजही नव्हता, असे दादाजी सांगतात.

गाठी मारलेली सुतळी

नवा फ्रिज घ्यायचा हे ठरले. कोणता, यावर घरात तीन पक्ष पडले. मुलाला दोन दारे शेजारी-शेजारी उघडणारा, सहाशे लिटरच्या पुढचा मोठा फ्रिज हवा होता. एकदा घ्यायचा तर मोठाच घ्यावा. अब्बांचे म्हणणे, सतरा वर्षे चालला तसाच पुन्हा आणा, कमी भानगड. धाकटीला दारावरच पाणी देणारा हवा होता.

अम्मी काही बोलल्या नाहीत. त्यांनी सुतळी घेतली आणि गाठी मारल्या. पहिली गाठ स्वयंपाकघराच्या दाराच्या रुंदीची. दुसरी फ्रिज जिथे उभा राहणार त्या कोपऱ्याची, मागे आणि बाजूंना हवा खेळायला जागा सोडून. तिसरी घरातल्या सर्वांत मोठ्या पातेल्याच्या व्यासाची. चौथी त्याच पातेल्याच्या झाकणासकट उंचीची. ती सुतळी पर्समध्ये टाकून त्या सुनेला घेऊन दुकानात गेल्या. मुलगा मागून गेला.

दुकानात पहिला फटका मुलाच्या फ्रिजला बसला. शेजारी-शेजारी दारांचा फ्रिज बाहेरून नव्वद सेंटिमीटरच्या आसपास रुंद असतो, पण मध्ये उभी भिंत असते. त्यामुळे लिटर दुप्पट असले तरी प्रत्येक भाग अरुंद होतो. फ्रीजरच्या बाजूला तर समोशांचे मोठे ताट आडवे जाईना. तिसरी गाठ बसली नाही. पहिलीही बसली नाही, कारण जुन्या घराचे दार त्याहून अरुंद होते. आणि जिथे भिंत लगेच लागते तिथे दार पुरते उघडत नाही. दार नव्वद अंशांपेक्षा जास्त उघडले नाही तर आतले ड्रॉवर बाहेर ओढता येत नाहीत. दुकानातल्या मोकळ्या जागेत हे कधीच लक्षात येत नाही.

अब्बांच्या फ्रिजलाही मग नकार आला. एका दाराचा फ्रिज स्वस्त असतो, साधा असतो, वीजही कमी खातो. लहान कुटुंबाला तो उत्तम. पण त्यात बर्फाचा थर येणार, आणि फ्रीजर एवढासा. सात माणसांच्या घरात सुरीची वेळ पुन्हा येणार.

उरला दोन दारांचा, वर फ्रीजर आणि खाली फ्रिज असलेला ‘फ्रॉस्ट फ्री’. यात गारवा पंख्याने फिरवला जातो. गॅसच्या नळ्या भिंतीमागे असतात. त्यांच्यावर साचलेला बर्फ आतला लहानसा हीटर ठरावीक वेळाने वितळवतो. ते पाणी मागच्या ट्रेमध्ये जाते आणि कॉम्प्रेसरच्या उबेने उडून जाते. खरवडायला बर्फच उरत नाही. याचीही एक किंमत असते. फिरती हवा उघडे अन्न सुकवते. भात, कणीक, कापलेली फळे झाकूनच ठेवावी लागतात. आणि हवेची जाळी अडेल इतका फ्रिज गच्च भरला तर एका कोपऱ्यात भाजी गोठते आणि दुसऱ्या कोपऱ्यात दूध नासते.

किती लिटरचा घ्यायचा? चार माणसांना अडीचशे, सहा-सात माणसांना साडेतीनशेच्या आसपास, असा ढोबळ हिशेब दुकानदार सांगतात. पण लिटरही दोन प्रकारचे असतात. एक आकडा एकूण आकाराचा आणि दुसरा प्रत्यक्ष सामान मावण्याचा. जाहिरातीत बहुधा पहिला असतो. तुलना दुसऱ्याची करावी.

ताऱ्यांच्या लेबलचेही तसेच. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने ही लेबले २००६ मध्ये सुरू केली. लोक तारे मोजतात, पण त्याच लेबलवर वर्षाला किती युनिट वीज लागेल हेही छापलेले असते. निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत. त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि आजचे पाच तारे सारखे नसतात. लेबलचा काळ बघावा. समजा, दोन फ्रिजमध्ये वर्षाला सत्तर युनिटचा फरक आहे आणि युनिट दहा रुपयांना पडते. वर्षाला सातशे रुपये झाले, पंधरा वर्षांत साडेदहा हजार. किमतीतला फरक याहून कमी असेल तर महाग दिसणारा फ्रिजच स्वस्त. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर असलेला फ्रिज गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो, त्याचा आवाजही कमी येतो. तो किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत स्टॅबिलायझरशिवाय चालेल, हे माहितीपत्रकात लिहिलेले असते. ज्या गल्लीत संध्याकाळी दिवे मंद होतात, तिथल्या लोकांनी ते वाचूनच ठरवावे.

एवढे सगळे ऐकून झाल्यावर दुकानदाराने मुलाला विचारले, “मग साहेब, कोणता काढू?” मुलाने अम्मींकडे पाहिले. अम्मींनी सुनेला पुढे केले. “सहेरीला सगळ्यांच्या आधी फ्रिज उघडते ती ही. तिला विचारा.”

सुनेने तीन फ्रिजची दारे एकामागून एक उघडली आणि मिटली. कणकेचा डबा कोणत्या उंचीवर येईल, भाजीच्या ड्रॉवरसाठी किती वाकावे लागेल, नातवाचा हात कुठवर पोचेल, दार कोणत्या बाजूला उघडेल आणि ओटा कोणत्या बाजूला आहे, हे तिने बघितले. मग जाळीऐवजी टणक काचेचे कप्पे असलेला ३४० लिटरचा फ्रिज तिने निवडला. वरचा एक कप्पा काढला की तिसरी आणि चौथी, दोन्ही गाठी बसत होत्या. रंग तिने शेवटी विचारला.

आधी जकात, मग फ्रिज

किंमत तीस-पस्तीस हजारांच्या घरात. दुकानात हप्त्यांची सोय होतीच. पण व्याज द्यायचे नाही आणि घ्यायचे नाही, हा या घराचा नियम. ‘बिनव्याजी’ म्हणून जे सांगतात त्यातही कधी प्रक्रियेचे शुल्क असते, तर कधी रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट त्यात मिळत नाही. म्हणून दोन्ही किमती विचारून घ्याव्यात. घरातल्या बायकांकडे यावर जुना उपाय होता, भिशी. गल्लीतल्या बारा जणी दरमहा दोन-दोन हजार टाकतात. या महिन्याचा नंबर अम्मींचा नव्हता. पण जिचा होता तिने तो अदलून दिला. चोवीस हजार उभे राहिले, बाकीचे बचतीतून घ्यायचे ठरले.

बचत काढण्याआधी अब्बांनी वही उघडली. रमजानात बरीच मुस्लिम घरे जकातीचा हिशेब करतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेली बचत वर्षभर राहिली असेल तर तिचा अडीच टक्के भाग गरजूंचा. घरात वापरायच्या वस्तूंवर, म्हणजे फ्रिजवर किंवा भांड्यांवर, जकात लागत नाही. अब्बांचे वर्ष रमजानातच भरते. त्यांनी जकातीची रक्कम आधी वेगळ्या पाकिटात घातली आणि मग फ्रिजचे पैसे मोजले. क्रम उलटा केला असता तर पाकीट थोडे हलके झाले असते. तो मोह त्यांनी टाळला.

जुन्या फ्रिजचे काय करायचे? मुलाने सुचवले, एखाद्या गरीब घरी देऊन टाकू, तेवढेच पुण्य. अब्बा म्हणाले, जे आपल्याला चालत नाही ते दुसऱ्याच्या दारात ठेवणे म्हणजे दान नव्हे. दुरुस्त करून दिला तरी दोनदा जोड मारलेला सतरा वर्षांचा फ्रिज त्या घरी वीजबिल वाढवणार आणि सहा महिन्यांनी पुन्हा मेकॅनिक बोलावणार. त्यापेक्षा तो दुकानदाराला बदलीत जाऊ दे. जे मिळतील ते पैसे त्या घरी रोख द्या. त्यांना काय घ्यायचे ते त्यांचे त्यांना कळते.

खा, द्या, ठेवा

मोठा फ्रीजर घरात आला की मुस्लिम घरात एक प्रश्न येतोच. तीन महिन्यांनी बकरी ईद. कुर्बानीच्या मांसाचे तीन वाटे करण्याची रीत आहे. एक घराचा, एक नातेवाइकांचा आणि मित्रांचा, एक गोरगरिबांचा. फ्रीजर लहान असताना वाटे आपोआप दाराबाहेर पडत. फ्रीजर मोठा झाला की घरचा वाटा नकळत वाढू लागतो. यावर एक जुनी गोष्ट सांगतात. मदिनेत एका वर्षी गरजू लोक फार आले होते. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कुर्बानीचे मांस तीन दिवसांपेक्षा जास्त घरात ठेवू नका, असे सांगितले. पुढच्या वर्षी लोकांनी विचारले, यंदाही तसेच करायचे का? तेव्हा त्यांनी मोकळीक दिली. खा, दुसऱ्यांना द्या आणि ठेवाही. साठवण्याला मनाई नाही, पण आसपास कोणी उपाशी असेल तर आधी ताटे जायची.

साठवायचे तर नीट साठवावे, हेही तितकेच खरे. इफ्तारनंतर तरावीहच्या नमाजेला जायची घाई असते आणि कालवण ओट्यावरच राहते. शिजलेले अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे, कडक उन्हाळ्यात तासाभरातच. वाफाळते पातेले तसेच आत न ढकलता अन्न लहान, उथळ डब्यांत काढले की ते लवकर निवते. फ्रिज चार अंशांच्या वर जाऊ नये, फ्रीजर उणे अठरावर असावा. कच्चे मांस नेहमी झाकून, सगळ्यांत खालच्या बाजूला ठेवावे. म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या कशावर पडत नाही.

आणि फ्रिज या रमजानसाठी घेतला जात नाही. तो बारा-पंधरा वर्षे राहतो. चांद्र वर्ष लहान असल्याने रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आज फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा रमजान दहा वर्षांनी दिवाळीच्या सुमारास येईल. २००५ आणि २००६ मध्ये दिवाळी आणि ईद अशाच पाठोपाठ आल्या होत्या. तोवर नातू चौदा वर्षांचा होईल आणि धाकटी सासरी गेलेली असेल. सुतळीवरच्या गाठी तेव्हाही चालतील का, हा विचार अम्मींनी केला होता. एक गाठ त्यांनी थोडी सैल मारली होती.

पंधराव्या रोजाला फ्रिज आला. टेम्पोतून उभाच आणला होता. आडवा आणला असता तर सुरू करण्याआधी काही तास उभा ठेवावा लागला असता, म्हणजे कॉम्प्रेसरमधले तेल जागेवर येते. अम्मींनी तो आधी रिकामाच चालवला. पावणेसातच्या सुमारास अजान झाली. खजूर खाऊन, पाणी पिऊन सूनबाई काकूंकडे गेल्या आणि सामान घेऊन आल्या. नव्या फ्रिजमध्ये पहिल्यांदा दादाजींचे इन्सुलिन गेले, दारात नव्हे, मधल्या कप्प्यात. दार सारखे उघडते आणि तिथला गारवा हलतो. मग दूध गेले, मग दही.

काकूंचे दुधाचे पातेले रिकामे परत करायचे नव्हते. सुनेने त्यात शेवयांची खीर भरली आणि ती गार व्हायला नव्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवली. दार मिटले. अम्मींनी ओट्यावरची सुरी उचलली आणि दूरच्या खिळ्याला अडकवली.

“आता बर्फ साचत नाही, अम्मी,” सून म्हणाली.

“माहीत आहे,” अम्मी म्हणाल्या. “तरी राहू दे.”